काकांची ढाल आणि आमच्या हॉलची भिंत

मागच्या दिवाळीत काका इंग्लंडहून आले तेव्हा त्यांच्या हँडबॅगेतून एक मोठा चपटा डबा निघाला, आम्हाला वाटलं चॉकलेट, तर आत त्यांचा कोट ऑफ आर्म्स, ढालीवर काढलेलं मानचिन्ह. म्हणजे लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सनं (कॉलेज नावालाच, शिकवत काही नाहीत, 1484 पासूनचं ऑफिस आहे ते, राजाच्या वतीनं अशी चिन्हं मंजूर करतं) दिलेली सनद, हातानं लिहिलेली, हातानं रंगवलेली, खाली रिबिनीला दोन डब्या आणि त्यात शिक्के. काही हजार पौंड मोजलेत. काकू त्या विषयावर अजून बोलत नाहीत.

निळ्या ढालीवर तीन सोनेरी धोटे (मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेतात ते), कारण आजोबा सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये मागावर होते. वर शिरस्त्राण, त्यावर नंदी, सोलापूरच्याच गड्ड्याच्या यात्रेची आठवण म्हणून. हे चिन्ह आडनावाला मिळत नाही बरं का, माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळतं, नेटवर 'तुमच्या आडनावाची ढाल' म्हणून कॉफीचे मग विकतात ते सगळं फुकाचं. काकांना मूलबाळ नाही पण अर्जातच आजोबांच्या बाकीच्या वंशजांचाही हक्क घालून घेतला होता, त्यामुळे बाबा आणि मी पण ढालवाले. म्हणून सनद सोलापूरच्या घरात लावा म्हणाले.

कुठं लावायची यावर आठ दिवस गेले. टीव्हीच्या वरची भिंत पश्चिमेची, मे महिन्यात हात लावला तर चटका बसतो. तेवढ्यात आईनं विचारलं, "एवढा जाड कागद कसला हो भावजी?" आणि काका सहज बोलून गेले की कागद नाही वहिनी, वासराचं कातडं आहे.

घरात शांतता. वासराच्या कातड्यावर नंदी काढलाय!

"मृदंगाला काय असतं मग?" काका म्हणाले. "मृदंग वाजतो, हे काय वाजणारंय का?" आई. यावर आमच्याकडे कुणाकडंच उत्तर नव्हतं. देवघरातून दिसेल अशा भिंतीवर नाही, एवढं ठरलं, आणि आमच्या घरात देवघरातून जवळजवळ सगळंच दिसतं.

तरी फ्रेमवाल्याकडे जाऊन आलो. तो म्हणाला प्लायवर चिकटवून देतो, शंभर वर्षं हलणार नाही. काकांचा चेहरा बघायला हवा होता! कातडं कोरड्या हवेत आवळतं, पावसाळ्यात सैल पडून वाकतं, चिकटवलं की फाटलंच. काचेला टेकवायचं नाही, ऊन नको, आणि डब्यांमुळे फ्रेम चांगली खोल पाहिजे. आपल्याकडची हवा बघता मला तर ते कपाटातच बरं वाटलं.

मग काकांनीच सांगितलं की मंजुरी खरं म्हणजे शब्दांना असते, चित्राला नाही. 'निळ्यावर तीन सोनेरी धोटे' एवढं पाळलं की कुठल्याही चित्रकारानं आपल्या हातानं काढावं, ते तितकंच खरं. हे आधी सांगितलं असतं तर आठ दिवस वाचले असते. (1877 च्या दिल्ली दरबारात इंग्रजांनी आपल्या संस्थानिकांना असलीच चिन्हं असलेले झेंडे वाटले होते, इतके जड की एकेक उचलायला दोन धट्टेकट्टे सैनिक लागायचे. आजोबांची जुनी मिल पण 1877 चीच.)

म्हटलं, सोलापुरात राहून चित्रकार कशाला शोधायचा? पूर्व भागात बाबांच्या ओळखीचे एक विणकर आहेत, वॉल हँगिंग विणतात, त्यांच्याकडे फोटो घेऊन गेलो. त्यांनी नंदीकडे बघितलंसुद्धा नाही. चष्मा वर करून धोटे बघितले आणि म्हणाले, "यात कांडी कुठाय? रिकाम्या धोट्यानं काय विणायचं?"

लंडनच्या चित्रकाराला धोट्यातली धाग्याची कांडी काय माहीत. विणकरांनी तिन्ही धोट्यांत कांडी भरली, एकेक पांढरा धागा बाहेर काढला, महिन्याभरात हँगिंग तयार. आता टीव्हीच्या वर तेच आहे, सुती, ऊन लागू दे नाहीतर धूळ बसू दे, झटकलं की झालं. सनद आईच्या पैठणीशेजारी कपाटात, पांढऱ्या कापडात, आडवी. कातड्याशेजारी पैठणी कशी चालते हे मी विचारलं नाही.

काकांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. बराच वेळ बघत बसले. मी विचारलं, काका, धागा चालेल का? म्हणाले, "धाग्यासकट असं लिहिलेलं नाही. पण धाग्याशिवाय असंही कुठं लिहिलंय."