आवाजाची दिशा, दोन यूएसबी माइक आणि वाया गेलेला दीड महिना

फायनल इयरला आम्ही आवाजाची दिशा ओळखायचा प्रोजेक्ट घेतला होता. टाळी वाजली की स्क्रीनवरचा बाण तिकडे वळला पाहिजे, बस. थिअरी अर्ध्या दिवसात कळते. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, माइक 20 सेंटिमीटर अंतरावर ठेवले तर अगदी बाजूने आलेला आवाज लांबच्या माइकला 583 मायक्रोसेकंद उशिरा पोचतो, समोरून आला तर दोघांना एकदमच. या उशिरावरून कोन काढायचा. जीसीसी-फॅटचा, म्हणजे दोन माइकच्या आवाजातला उशीर शोधणाऱ्या पद्धतीचा कोड पायथनमध्ये वीसेक ओळींचा, पहिल्याच रात्री चालला.

आणि मग अडकलो.

हाताशी होते ते दोन यूएसबी माइक लॅपटॉपला लावलेले. ते एकाच क्षणी सुरू होत नाहीत हे माहीत होतं, म्हणून आधी मधोमध एक टाळी वाजवून शून्य सेट करायचो. लगेच टेस्ट केली की झकास. पण मित्र न हलता समोर टाळ्या वाजवत राहिला की बाण आपला हळूहळू उजवीकडे सरकतोय, दहा सेकंदात साठ अंश, पुढे तर उशीर 583 च्याही वर जाऊन कोडच बोंबलायचा. गाईड म्हणाले खोलीत इको आहे, म्हणून गाद्या भिंतीला उभ्या केल्या, चादरी टांगल्या, घरमालक येऊन बघून गेले काय चाललंय. मग गाईड म्हणाले फिल्टर लाव. लावला. काडीचा फरक नाही. प्रोग्राम बंद करून चालू केला, परत शून्य सेट केलं की सगळं बरोबर. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, इको काय रीस्टार्टने जातो का!

शेवटी वैतागून दहा मिनिटं सलग रेकॉर्डिंग केलं, सुरुवातीला एक टाळी आणि शेवटी त्याच जागेवरून दुसरी. दोन फाइलींमधल्या टाळीच्या वेळेतला फरक 30 मिलिसेकंदांनी वाढलेला! म्हणजे दर सेकंदाला 50 मायक्रोसेकंद. प्रत्येक यूएसबी माइकला घड्याळाचे ठोके देणारा स्वतःचा क्रिस्टल, दोघांची घड्याळं किंचित वेगळी चालणार, आणि आम्ही इथे मायक्रोसेकंद मोजत बसलेलो.

मग पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आयएनएमपी441 चे दोन छोटे डिजिटल माइक आणले, एकाच ईएसपी32 कंट्रोलर बोर्डवर, एकाच क्लॉकवर. एकाचा एलआर (डावा-उजवा ठरवणारा) पिन ग्राउंडला, दुसऱ्याचा 3.3 व्होल्टला, डेटाची वायर एकच. बाण जागचा हलला नाही. खरं सांगतो, मी तासभर नुसता टाळ्या वाजवत बसलो होतो.

हां, टेस्टिंगला मोबाइलवरची बीप वापरू नका, 20 सेंटिमीटर अंतराला साधारण 850 हर्ट्झच्या वरचा एकच सूर भलताच कोन दाखवू शकतो, टाळीच बरी. सॅम्पलिंग, म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा मोजायचा ते, 48 किलोहर्ट्झला ठेवा, 16 ला एकेक सॅम्पल 62.5 मायक्रोसेकंदांचं पडतं, कोन उड्या मारतो. आणि पंखा बंद करा. आमचा बरोबर डोक्यावर होता, दोन्ही माइकपासून सारख्याच अंतरावर, त्यामुळे कोणी बोललं नाही तरी बाण ठामपणे समोर.

व्हायव्हाला एक्स्टर्नल परीक्षकांनी मुद्दाम मागे जाऊन टाळी वाजवली. बाण समोर. दोन माइकना पुढचं-मागचं कळत नाही, तिसरा लागतो, हे पाठ होतं ते सांगितलं. मग लावला का नाही, म्हणाले.