मॉड्यूल आहे, पण ओडूला दिसत नाही

आज उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीचं जॉबवर्क मॉड्यूल ओडूवर (कंपनीचा कारभार सांभाळणारं, पायथन भाषेत लिहिलेलं सॉफ्टवेअर) चढवताना निम्मा दिवस इम्पोर्टनं (एका फाइलीतला कोड दुसरीत बोलावणं) खाल्ला. कोल्हापुरात ओडूवर काम करणाऱ्या पोरांसाठी लिहून ठेवतोय.

अ‍ॅडऑन्स-पाथमध्ये (मॉड्यूल कुठं शोधायची ते ओडूला सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) मॉड्यूलचा फोल्डर द्यायचा नाही, तो ज्या फोल्डरात आहे तो द्यायचा. फोल्डरच्या नावात आडवी रेघ नको, पायथनला ती वजाबाकी वाटते, अंडरस्कोअर वापरा.

खरी गोम इनिट फाइलीत, म्हणजे फोल्डर इम्पोर्ट केला की पायथन आधी वाचतो त्या फाइलीत. नवी मॉडेलची (डेटाची रचना सांगणारी) फाइल लिहिली की मॉडेल्स फोल्डरच्या इनिटमध्ये तिचा इम्पोर्ट हवा, आणि मॉड्यूलच्या मुख्य इनिटमध्ये मॉडेल्स फोल्डरचा. एक जरी राहिला तरी पायथन गप्प बसतो. ती फाइल वाचलीच जात नाही, आणि बोंब उठते ती पुढं, अ‍ॅक्सेसच्या सीएसव्हीत (कुणाला काय परवानगी, ती यादी) किंवा व्ह्यूमध्ये (स्क्रीनची मांडणी, ती एक्सएमएलमध्ये लिहितात). मग माणूस एक्सएमएल चाळत बसतोय!

दुसऱ्या मॉड्यूलचा क्लास पाहिजे असेल तर 'ओडू डॉट अ‍ॅडऑन्स डॉट मॉड्यूलचं नाव' असा पूर्ण मार्ग लिहा. जुन्या कोडात 'ओपनईआरपी' (ओडूचं जुनं नाव) दिसलं तर ते बदलून 'ओडू' करा. पण बहुतेक वेळा क्लास इम्पोर्ट करायची गरजच नसते: रेकॉर्ड पाहिजेत तर सेल्फ डॉट एन्व्हमधून (तिथं ओडूची सगळी मॉडेल्स मिळतात) घ्या, मॉडेल वाढवायचं तर इनहेरिट. दोन्हीकडं मॅनिफेस्टच्या (मॉड्यूलची माहिती देणारी फाइल) डिपेंड्समध्ये (आधी कोणती मॉड्यूल हवीत, ती यादी) त्या मॉड्यूलचं नाव पाहिजेच, नाहीतर ते आधी लोड होईल याची खात्री नाही.

पायथन बदललं की सर्व्हर रीस्टार्ट. फील्ड किंवा व्ह्यू बदलला तर वर मॉड्यूल अपग्रेडही. ब्राउझर रिफ्रेश करून काय होत नाही, भावांनो.