पानाच्या मागे

"ताई, तिसरी तुळस गेली. आता तुम्हीच येऊन बघा."

फोन हडपसरहून होता, जुन्या गिऱ्हाइकाचा. उरुळी कांचनजवळ आमची नर्सरी आहे. दिवाळीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत तुळशीच्या पिशव्या इतक्या खपतात की रविवारी जेवायलाही फुरसत नसते. खरं तर टाळलंच असतं. पण आषाढीपासून त्या घरात तीन रोपं माझ्याकडूनच गेली होती, त्यामुळे पाय निघाला.

बंगलीच्या अंगणात सिमेंटचं वृंदावन. त्यातली कृष्णतुळस नुसती काड्यांवर आलेली. शेंड्याची पानं आकसून आत वळलेली, खालची फिकट, मंजिऱ्या करपल्यासारख्या. मी वाकले, तेवढ्यात मागून आजी म्हणाल्या, "तुम्ही काय बघणार? घरातलं कारण घरातच असतं. हिला किती वेळा सांगितलं, त्या चार दिवसांत तुळशीकडे फिरकू नकोस. ऐकेल तर ना."

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. हे वाक्य त्यांनी त्या तीन-चार महिन्यांत बरेचदा ऐकलं असणार, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. मला राग आला, पण गिऱ्हाइकाच्या घरी राग करून तुळस वाचत नाही. मी पान उलटं केलं.

मागच्या बाजूला डांबराचे शिंतोडे उडावेत तसे काळे, चकचकीत ठिपके. ते दिसले आणि पोटात खड्डा पडला. ती किड्यांची विष्ठा होती. शास्त्रीय नाव कोक्लोचिला बुलिटा, आम्ही नुसतं लेस बग म्हणतो. पानाच्या मागे बसून रस शोषतो, म्हणून वरून पान फक्त फिकट होत गेल्यासारखं दिसतं. पाणी कमी पडलं, पाणी जास्त झालं, ऊन लागलं, नजर लागली, काहीही वाटू शकतं. तीन मिलिमीटरचा जीव, मुद्दाम शोधल्याशिवाय नजरेला पडत नाही.

आजींना दाखवायला एक शेंडा तोडायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "आज रविवार. रविवारी तुळस तोडत नाहीत."

बरं. नातीकडून वहीचा एक कोरा कागद मागून घेतला, फांदीखाली धरला आणि फांदीला टिचकी मारली. कागदावर काळे कण पडले. थोड्या वेळाने त्यातले काही चालायला लागले. माझ्याकडचं दहापटीचं भिंग नातीने मोबाइलच्या कॅमेऱ्यावर धरलं आणि पडद्यावर किडा नखाएवढा झाला. पंख अगदी क्रोशाच्या रुमालासारखे, जाळीजाळीचे. शेजारी त्याची पिल्लं, बिनपंखांची, काळपट, काटेरी. आजींनी चष्मा वर केला, खाली केला, मोबाइल जवळ ओढला. बराच वेळ बघत राहिल्या.

"हे पहिल्या तुळशीलापण होते?"

"असणार. नंतर बाजूच्या सब्जावर राहिले असतील." वृंदावनाशेजारी सब्जाची कुंडी होती. त्याचीही पानं उलटी केली, तिथेही तेच ठिपके. तुळस आणि सब्जा एकाच कुळातले, या किड्याला दोन्ही चालतात. नवं रोप आणून लावलं की पाहुणे शेजारूनच यायचे.

एवढ्यात आजींचा मुलगा म्हणाला, "मी मारलं होतं की औषध! झुरळांचा स्प्रे."

म्हणजे करपलेल्या मंजिऱ्यांचा हिशेब लागला. वृंदावनाच्या कडेला एक ढालकिडाही मेलेला पडला होता, मावा खाणारा, आपला माणूस. आणि याच घरात आजी रोज सकाळी तुळशीची दोन पानं तोंडात टाकतात! ती पानं आता कुणी खायची नाहीत, एवढं मात्र मी जरा आवाज चढवूनच सांगितलं.

मग उपायांवर आलो आणि खरी गंमत तिथून सुरू झाली. मी म्हटलं, उद्या सकाळी सगळे वळलेले शेंडे आणि मंजिऱ्या छाटा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. आजी म्हणाल्या, तुळस कचऱ्यात टाकत नाहीत. ठरलं की छाटलेलं सगळं साबणाच्या पाण्यात रात्रभर बुडवायचं आणि मग मातीत पुरायचं. पानांच्या मागे पाण्याचा जोरदार फवारा मारून घ्यायचा. नंतर निमतेल, दहा हजार पीपीएम ताकदीचं, लिटरला दोन मिली. ते आधी थोड्या साबणात घोटायचं, मग पाण्यात. नाहीतर तेल वर तरंगतं आणि पंपातून नुसतं पाणी येतं. मी म्हटलं, फवारा संध्याकाळी. उन्हात निमतेलाचा अंमल टिकत नाही, आणि दिवसा मंजिऱ्यांवर सातेरी मधमाशा असतात. आजी म्हणाल्या, दिवेलागणीनंतर तुळशीला हात लावत नाहीत.

तडजोड साडेपाचची झाली. माशा परतलेल्या आणि दिवा अजून लागायचा.

किड्याची अंडी पानाच्या आत रोवलेली असतात, फवाऱ्याला दाद देत नाहीत. म्हणून आठ-आठ दिवसांनी तीनदा फवारायचं. सब्जालाही तेवढंच. आणि महिनाभर नवीन रोप आणायचं नाही.

शेवटचं वाक्य बोलताना माझाच आवाज पडला. पहिलं रोप आलं तेव्हा इथे किडा कुठून आला असेल, हे कुणी विचारलं नव्हतं. मीच म्हटलं, "आजी, हे बहुधा माझ्याच नर्सरीतून आलंय." आजींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सुनेकडे. बोलल्या काहीच नाहीत. चहा आला, तो मात्र बिनतुळशीचा.

परतले तेव्हा अंधार पडला होता. शेडनेटखाली तुळशीच्या लग्नासाठी राखलेली तीनशे चाळीस रोपं होती. बॅटरी घेऊन पानं उलटी करत गेले. पुढच्या रांगा स्वच्छ. मागच्या कोपऱ्यात, जिथे पिशव्या एकमेकींना चिकटून ठेवल्या होत्या, तिथे काळे ठिपके. नवरा म्हणाला, "वरून तर हिरवीगार आहेत, दोन आठवडे तर निघतील. उद्या गाडी येतेय." आम्ही तिथेच उभ्याउभ्या भांडलो. शेवटी एकशे दहा पिशव्या बाजूला काढल्या, तीसेक रोपं पुरली, बाकीची छाटली. त्या वर्षी तुळशीच्या लग्नाला आमच्याकडून कमी तुळशी गेल्या, आणि नवरा तो आकडा अजूनही विसरलेला नाही.

दहा-बारा दिवसांनी सूनबाईंचा फोन आला. नवे शेंडे फुटलेत, खालची पानं अजून तशीच. मग जरा थांबून म्हणाल्या, "ताई, दुसऱ्या फवाऱ्याला दोन दिवस उशीर झालाय. पंप मीच चालवते, पण माझे ते चार दिवस चालू आहेत. काय करू? आईंनीच विचारायला सांगितलंय."

मी म्हटलं, आजच मारा, एव्हाना नवी पिल्लं निघाली असतील.

मागून आजींचा आवाज आला, "विचार, हातमोजे घालून चालेल का?"

चालेल म्हटलं.