आवाज येतोय, शब्द येत नाहीत

रामनवमीच्या कीर्तनाची एक अडचण दुसऱ्या कुठल्याच कार्यक्रमाला नसते. दुपारी बारा वाजता राम जन्मतो. साउंडवाल्याची तयारी झालेली असो वा नसो. ऑर्केस्ट्रा अर्धा तास उशिरा सुरू झाला तर कुणी काही म्हणत नाही, लग्नाच्या रिसेप्शनला तर आम्ही आणि केटररवाले एकमेकांची तोंडं बघत दोन दोन तास बसतो. राम मात्र थांबत नाही.

गेली एकोणीस वर्षं मी पुण्यात साउंडचं काम करतो. एका वर्षी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मंदिर-संस्थानचं रामनवमीचं काम आमच्या शेठकडे आलं. जुना दगडी सभामंडप, ३० मीटर लांब, १८ मीटर रुंद, वर घुमट. मधली उंची सरासरी १२ मीटर धरा. पाहणीला गेलो तेव्हा मंडप रिकामा होता. मधोमध उभा राहून एक टाळी वाजवली आणि मनात मोजत बसलो. चार सेकंदांनंतरही ती टाळी घुमटात कुठेतरी फिरत होती. तिथं 'रामा' म्हटलं की 'रा' विरायच्या आत 'मा' त्यावर जाऊन बसतो.

आधीच्या वर्षांचा इलाज नेहमीचाच होता, खांबाखांबाला स्पीकरची पेटी. बारा पेट्या बारा ठिकाणांहून तेच वाक्य वेगवेगळ्या वेळी बोलणार आणि उरलेलं दगड बोलणार. ऐकू येत नाही म्हणून आणखी दोन पेट्या, मग आणखी दोन. विश्वस्तांपैकी एक काका रिटायर्ड इंजिनिअर होते. त्यांनी कुठल्याशा विमानतळावर भिंतीला चिकटलेले उंच, सडपातळ स्पीकर पाहिले होते आणि तिथली घोषणा शब्दन् शब्द कळली होती. "तसलं काही आणा," म्हणाले.

तसलं काही म्हणजे स्टिअरेबल कॉलम, आवाज हवा तिकडे वळवता येणारा उभा स्पीकर. हे काही कालचं तंत्र नाही. नेदरलँड्सच्या ड्युरान ऑडिओने १९९० च्या दशकातच इंटेलिव्हॉक्स नावाचे असे कॉलम काढले आणि चर्च, रेल्वे स्टेशनं अशा घुमणाऱ्या जागांत ते लागले. आम्ही नेले ते दोन मीटर उंचीचे, आत एकावर एक सोळा छोटे स्पीकर, प्रत्येकाला स्वतःचा ॲम्प आणि डीएसपीचा, म्हणजे आवाजावर आकडेमोड करणाऱ्या प्रोसेसरचा, स्वतःचा चॅनल. पेटी भिंतीला सरळ उभी राहते, वाकतो तो आवाज.

कसा, ते मी हाताखालच्या पोरांना लेझमाच्या रांगेवरून सांगतो. रांग वळवायची असेल तर एका टोकाचा गडी आधी पाऊल टाकतो, पुढचा किंचित उशिरा, त्याच्या पुढचा आणखी उशिरा. जिकडचा गडी सगळ्यात मागे राहिला, रांग तिकडे वळते. कॉलममध्ये सगळ्यात वरचा स्पीकर आधी बोलतो, खालचे क्रमाने उशिरा, म्हणून आवाज खाली झुकतो. उशीर तरी किती? आमच्या कॉलममध्ये दोन स्पीकरमधलं अंतर साडेबारा सेंटिमीटर. सहा अंश खाली झुकवायचं तर दोन शेजाऱ्यांमधला फरक साधारण ३७ मायक्रोसेकंद येतो. प्रोसेसर सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेतो, त्यातल्या दोन नमुन्यांच्या वेळेपेक्षाही कमी. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सगळा मिळून अर्धा मिलिसेकंद आणि थोडं वर. एवढ्यावर सगळा खेळ.

सहा अंश का, तर कॉलम पुढच्या दोन खांबांवर, मध्य जमिनीपासून ३.२ मीटरवर, आणि शेवटची माणसं २४ मीटरवर. आपल्याकडे माणसं सतरंजीवर बसतात, हे कॉलमच्या सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. ते खुर्ची गृहीत धरतं, कान १.२ मीटरवर. मी ०.८ घातलं. एवढी काळजी घेतली होती, हे मुद्दाम सांगतोय.

फिटिंगला पोरं दोन दिवस आधी गेली. मला आदल्या दिवशी साताऱ्यात दुसरा कार्यक्रम, तिथून निघून रात्री दीडला पोचलो. मंडपात शे-दीडशे माणसं झोपलेली. बाया, पोरं, पायी आलेली म्हातारी मंडळी. तिथं पिंक नॉइज, म्हणजे चाचणीचा तो खरखराट, लावायची कुणाची छाती आहे? लॅपटॉप जोडला, दोन्ही कॉलम नेटवर्कवर दिसले, बत्तीसच्या बत्तीस चॅनल हिरवे. पडद्यावर सॉफ्टवेअरच्या हिशेबाचा आवाजाचा पट्टा लालभडक, पहिल्या रांगेपासून मागच्या दारापर्यंत सतरंजीला चिकटून गेलेला. कॉलमवर संस्थानने दगडाच्या रंगाचं कापड चढवून शिवूनही टाकलं होतं, मूर्तीच्या शेजारी काळ्या पेट्या दिसायला नकोत म्हणून. मला ते आवडलंच. माईकवर हळूच "एक, दोन" म्हटलं, कॉलमपासून दोन हातांवर उभा राहून ऐकलं, छान वाटलं. इतक्या जवळून छानच वाटणार. सतरंजीच्या कडेला आडवा झालो.

सकाळी काकड आरती, अभिषेक, मग फुलांची सजावट. साउंडचेकच्या नावाखाली तबल्यावर चार थापा मिळाल्या. साडेदहाला बुवा उभे राहिले. नमन झालं, पूर्वरंग सुरू झाला, अडीचशे माणसं असतील. आणि तीन-चार मिनिटांत मागच्या खांबापासून एक आजोबा काठी टेकत माझ्या टेबलापाशी आले.

"आवाज येतोय हो. शब्द येत नाहीत."

आमच्या धंद्यात यापेक्षा वाईट वाक्य नाही. आवाजच येत नाही म्हटलं तर वायर शोधता येते. मी हेडफोन काढून मागे चालत गेलो. बुवांचं निरूपण गरम दुधावरच्या सायीसारखं वर नुसतं तरंगत होतं. खाली हात घालून एक शब्द उचलावा म्हटलं तर सापडेना.

मग मी ते सगळं केलं जे करू नये म्हणून मी पोरांना शिव्या घालतो. आधी आवाज वाढवला. घुमणाऱ्या जागेत आवाज वाढवणं म्हणजे घुमणंही तितकंच वाढवणं, त्यानं शब्द सुटा होत नाही. मग २५० ते ५०० हर्ट्झ कापलं, ३ किलोहर्ट्झ चढवलं. बुवांचा 'स' आणि 'श' चाकूसारखे झाले, शब्द तरीही नाहीत. मग संशय बाहेरच्या ओसरीतल्या दोन लहान पेट्यांवर. त्या कॉलमपासून २५ मीटरवर, म्हणजे आवाज तिथं पोचायला ७१ मिलिसेकंद. म्हणून त्या पेट्यांना मी मुद्दाम उशीर लावला होता, वर थोडं जास्त ठेवून ८३. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं की तोच आवाज थोड्या मिलिसेकंदांच्या अंतराने दोनदा आला तर कानाला पहिला आला त्या दिशेनंच सगळा आल्यासारखा वाटतो. त्या हिशेबाने ८३ बरोबरच होते. तरी ९५ केले, ७० केले, शेवटी त्या पेट्या बंदच करून टाकल्या. काही फरक नाही. काका लांबून माझ्याकडे बघत होते. त्यांनी काही विचारलं नाही, त्याचंच जास्त वाटलं.

वर मागच्या सज्जात गावातली चार पोरं फुलांच्या टोपल्या घेऊन बसलेली, बाराच्या ठोक्याला खाली उधळायला. त्यांच्यातल्या बारक्या पोराकडे आम्ही एक वॉकीटॉकी दिला होता. तो बोलला.

"सायेब, वर लई झ्याक ऐकू येतंय बघा. बुवा कानाशी लागून बोलत्यात जणू."

"आणि खाली कसं वाटत होतं मघाशी?"

"खाली नुसता कालवा."

मी क्षणभर तसाच उभा राहिलो. सज्जाची जमीन साधारण सव्वाचार मीटरवर. उभ्या माणसाचा कान पावणेसहा मीटरवर. कॉलमचा मध्य ३.२, त्यात २४ मीटरवर सहा अंशांची चढण म्हणजे आणखी अडीच मीटर. बेरीज ५.७.

चढण. उतार नव्हे.

सज्जात पळत गेलो, खात्री करायला. जिना अंधारा, दगडी, प्रत्येक पायरी वेगळ्या उंचीची. वर पोचलो आणि पोराच्या शेजारी उभा राहिलो. बुवा ओवीचा अर्थ सांगत होते, अक्षर न् अक्षर सुटं. मधेच त्यांनी श्वास घेतलेला ऐकू आला, चिपळ्या खाली ठेवल्याचा आवाज आला. इतका चांगला आवाज त्या मंडपात त्या दिवसापर्यंत कुणी ऐकला नसेल, आणि तो ऐकायला चार पोरं नि झेंडूच्या टोपल्या. सज्जाच्या वरून गेलेला उरलासुरला आवाज थेट घुमटाला लागत होता आणि तिथून लगदा होऊन लोकांच्या डोक्यावर पडत होता.

खाली येऊन उजव्या कॉलमच्या कापडाची दोन इंच शिवण उसवली, मोबाइलचा टॉर्च मारला. वायरी जोडायचं पॅनल खाली असायला हवं, ते वरच्या टोकाला होतं. वायरी खांबाच्या वरच्या कंगोऱ्यावरून आणल्या होत्या, पॅनल खाली ठेवलं असतं तर दोन मीटर वायर उघडी लोंबली असती. काम नीटनेटकं दिसावं म्हणून पोरांनी दोन्ही कॉलम उलटे टांगले. साधी पेटी असती तर उलटी टांगल्यानं काहीच बिघडलं नसतं. इथं 'सगळ्यात वरचा' म्हणून जो आधी बोलायचा, तो आता सगळ्यात खाली होता. लेझमाची रांग दुसऱ्या बाजूला वळत होती. पेटीला वर-खाली कळत नाही. आम्ही तिला सांगू तेच तिचं वर. पोरांना मी एका शब्दानं बोललो नाही. कापड शिवायच्या आधी बघायला माणूस पाठवणं माझं काम होतं, आणि रात्री दोन हातांवर उभं राहून ऐकणारा मीच होतो.

सव्वाअकरा. कॉलम काढून सुलटे करणं शक्य नव्हतं, त्याला शिडी लागते आणि शिडीच्या जागी बायका बसलेल्या. सॉफ्टवेअरमध्ये कॉलम उलटा टांगला आहे असं सांगायची एक खूण असते. ती केली की सोळाच्या सोळा फिल्टर नव्यानं मोजले जातात आणि कॉलममध्ये चढवावे लागतात. चढेपर्यंत कॉलम मुका. दहा-पंधरा सेकंद. चालू निरूपणात ते करणार कसं?

नारदीय कीर्तनात मध्यंतर असतो, ही त्या परंपरेची साउंडवाल्यांवर कृपा. पूर्वरंग संपला, बुवांना हार घातला, बुक्का लावला, नामाचा गजर सुरू झाला. हार्मोनियम, तबला, झांजा आणि तीनेकशे माणसांच्या टाळ्या. डावा कॉलम मुका झाला, कुणाच्या लक्षात नाही. मनात आकडे मोजत होतो. आला. मग उजवा. तो यायला जरा जास्तच वेळ लागला असं मला वाटलं, लॅपटॉपवरचा हात घामानं ओला. आला. ओसरीच्या पेट्या ८३ वर परत चालू केल्या, चढवलेला ३ किलोहर्ट्झ खाली आणला, एकूण आवाज चांगला दोन पायऱ्या उतरवला.

बुवांनी आख्यान लावलं. मी सगळ्यात मागे, दारापाशी जाऊन उभा राहिलो. दशरथाच्या तोंडचं पहिलंच वाक्य आलं आणि ते वाक्यच होतं. तबल्याचा डग्गा अजून घुमत होता. दोन मीटरच्या कॉलमला १७० हर्ट्झच्या खाली फारसा ताबा ठेवता येत नाही, ती लाट कॉलमपेक्षाच लांब असते, तिला हवं तिकडे ती जाते. डग्गा थोडा घुमला तर कीर्तनात कुणाचं बिघडत नाही. शब्द सुटा हवा.

आणि आता माणसंही भरत चालली होती. वॉलेस सॅबिन नावाचे हार्वर्डचे प्राध्यापक १८९० च्या दशकात रात्री-अपरात्री एका नाट्यगृहातल्या गाद्या उचलून व्याख्यानाच्या हॉलमध्ये नेऊन मांडायचे, कमीजास्त गाद्यांनी आवाज किती वेळ घुमतो ते मोजायचे आणि सकाळच्या आत गाद्या परत. आमच्या गाद्या स्वतःच्या पायांनी येत होत्या. सहाशे माणसं दाटीनं बसली की त्या मंडपाचे चार सेकंद जवळपास दोनवर येतात. त्यात आवाज घुमटाऐवजी त्यांच्याच अंगावर पडत होता. आजोबा परत आले नाहीत. मी मान वर करून शोधलं, तर खांबाला टेकून डोळे मिटून बसले होते. ऐकत होते की झोपले होते, मला नक्की सांगता येणार नाही.

बाराला सहा मिनिटं कमी असताना वॉकीटॉकी खरखरला.

"ओ सायेब, वरचा आवाज बंद पाडला काय? काय बी कळंना झालंय. बुवा कुठवर आलेत?"

"कौसल्येपर्यंत आलेत."

"मग फुलं कवा टाकायची?"

ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. पोरं बुवांच्या शब्दावर टोपल्या रिकाम्या करणार होती आणि मी त्यांचा शब्दच काढून घेतला होता. "मी हात वर करतो, माझ्याकडे बघत राहा," म्हणालो आणि मिक्सरमागच्या लोखंडी पेटीवर चढून उभा राहिलो. बुवांनी आवाज खाली आणला, अगदी कुजबुजीपर्यंत. सहाशे माणसं गप्प. मागच्या दाराशीसुद्धा ती कुजबुज पोचत होती. मग त्यांनी जन्म झाल्याचं सांगितलं आणि मी हात वर केला.

पुढचं काही ऐकायचं नव्हतंच. शंख, घंटा, नगारा, माणसांचा गजर, झेंडू आणि गुलाल. मी उतरून मिक्सरचे फेडर, म्हणजे आवाजाच्या सरकपट्ट्या, खाली ओढले. मिक्सरवर प्लास्टिक टाकायचं राहून गेलं होतं. फेडरांच्या फटीतला तो गुलाल मी आषाढ लागला तरी ब्रशनं काढत होतो.