किल्ला तलावाकाठच्या तीन पेट्या: पावसाळ्यानंतरची नोंद

रविवारी उजाडायच्या आत सायकल काढली. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटापासून काँग्रेस रोडने निघालो, भाचा त्याच्या छोट्या सायकलवर मागे. जूनमध्ये किल्ला तलावाकाठी ठेवलेल्या तीन पेट्या बेळगावच्या पावसातून तरल्या की नाही, ते बघायचं होतं.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. या छंदाला लेटरबॉक्सिंग म्हणतात. लपवलेल्या पेटीत एक वही आणि हाताने कोरलेला रबरी ठसा असतो. कोडं सोडवत पोचायचं, आपला ठसा तिच्या वहीत, तिचा ठसा आपल्या वहीत, आणि पेटी होती तशी परत ठेवायची. १८५४ मध्ये इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूलपाशी एक बाटली ठेवली, येणाऱ्यांनी आपापली कार्डं त्यात टाकावीत म्हणून. तिथून हा छंद सुरू झाला. जिओकॅशिंग या पेट्या शोधायच्या दुसऱ्या खेळातले जीपीएसचे आकडे इथे नसतात, सगळी मदार कोड्यावर.

आणि पहिल्या पेटीचं माझं कोडंच कच्चं निघालं. '११० मीटरच्या ध्वजस्तंभाकडे पाठ करून पाण्याच्या कडेने ९० पावलं' असं लिहिलं होतं. भाच्याला चालायला लावलं, तर त्याची ९० पावलं माझ्यापेक्षा कितीतरी अलीकडेच संपली! तो बिचारा भलत्याच झाडाचा बुंधा चाचपत बसला. मग सायकलच कामाला लावली. चाकाचा व्हॉल्व्ह खाली आणायचा, सायकल हाताने ढकलत चालायचं आणि व्हॉल्व्ह परत खाली आला की एक फेरा मोजायचा. २६ इंची चाक एका फेऱ्यात साधारण २.०७ मीटर जातं, ३० फेऱ्यांत ६२ मीटर. भाच्याच्या २० इंची चाकाला तेवढ्याच अंतरासाठी ३९ फेरे लागतात. दोन्ही आकडे आता कोड्यात घातलेत. त्याने ३९ मोजले आणि बरोबर पेटीपाशी थांबला. मला मनापासून आनंद झाला.

दुसऱ्या पेटीत पाणी शिरलं होतं. स्टॅम्प पॅडची जांभळी शाई फुटून निम्मी वही रंगली. पेन्सिलीने लिहिलेलं मात्र जसंच्या तसं. त्यात एक नोंद कन्नडमध्ये होती: 'केरी भाळ छंद ऐती.' तळं फार सुंदर आहे. कोडं मराठीत होतं, तरी कुणीतरी सोडवत आलं. तिथेच उभ्या उभ्या ठरवलं की पुढचं कोडं दोन्ही भाषांत लिहायचं. पॅडही पेटीत ठेवणार नाही, ज्याने त्याने आपला आणावा. पेटीत फक्त पेन्सिल.

तिसरी पेटी लपवलेली नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर असलेलं हे गाव, त्यात किल्ल्याचा परिसर, बेवारस डबा दिसला तर माणसं घाबरणारच, आणि ते योग्यही आहे. मागे एकदा फिरायला आलेल्या काकांनी मला हटकलंच होतं, "काय हुडकालायसा?" सगळं समजावून सांगितल्यावर तेच म्हणाले, "मग कुणाच्या तरी ताब्यात ठेवा की." म्हणून ती पेटी चहाच्या गाडीवरच्या मावशींकडे असते. कोड्याच्या उत्तरातला शब्द सांगितला की मावशी पेटी काढून देतात. उरलेल्या दोन पेट्यांवरही आत काय आहे ते ठळक अक्षरांत लिहिलंय.

आता ठशाचं. माझा स्वतःचा ठसा म्हणजे नुसता 'ळ'. बेळगावचा ळ, मराठीतलाही आणि कन्नडमधलाही. तीन खोडरबर वाया गेले. आरशात ळ जवळपास तसाच दिसतो, त्यामुळे उलटा काढायचा राहून गेला तरी पटकन लक्षात येत नाही. आता आधी ट्रेसिंग पेपरवर ६बी म्हणजे मऊ, गडद पेन्सिलीने सरळ अक्षर काढतो, कागद रबरावर पालथा टाकून नखाने घासतो, अक्षर आपोआप उलटं उतरतं. ब्लेड धरताना पातं रेषेपासून बाहेरच्या बाजूला तिरकं उतरवायचं, म्हणजे रेषेला खाली रुंद बूड राहतं. सरळ किंवा आतल्या बाजूने कापलं की शिरोरेखा दाबताना वाकते आणि ठसा दुहेरी उमटतो. चौथ्या रबरावरचा ठसा स्वच्छ आलाय, ळच्या दोन्ही पोटांतली पांढरी जागाही भरली नाही.

दुसऱ्या पेटीसाठी किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या छतावरचं कमळ कोरायला घेतलंय. पाकळ्यांची बाहेरची रांग झाली, आतली अजून बाकी आहे. दिवाळीच्या आत नव्या वहीसह ती पेटी जागेवर जाईल.