नौपाड्यातले मावशी-काका

आज कामानिमित्त ठाण्याला नौपाड्यात गेलो होतो. मावशीची जुनी बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीय. हिरव्या जाळीपलीकडे ओळखीचं काहीच दिसेना, मग सरळ तलावपाळीवर जाऊन बसलो.

मे महिन्याची सुट्टी लागली की आमची पलटण मावशीकडे. दोन खोल्यांत सगळी भावंडं कशी मावायची, देव जाणे! काका रेल्वेत. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यालाच आली, हे ते अशा थाटात सांगायचे, जणू हिरवा झेंडा त्यांनीच दाखवला होता. मावशी आतून ओरडायची, "अहो, गाडी पोचली असेल तर पानं घ्या!"

काकांना मामलेदारची मिसळ प्रिय. तिखट मागवायची, घामाघूम व्हायचं आणि वर म्हणायचं, "आज जरा मिळमिळीतच आहे." मावशीला वेड गडकरी रंगायतनचं. ठेवणीतली साडी, गजरा, पर्समध्ये श्रीखंडाच्या गोळ्या. विनोदी नाटकातही तिला रडू यायचं. मध्यंतरातला बटाटावडा मात्र चुकायचा नाही.

काका गेले आणि वर्षाच्या आत मावशीही. इतकी भांडायची दोघं, की एकमेकांना कंटाळलीत असं आम्हाला वाटायचं. कसली कंटाळतात!

संध्याकाळी मावसबहिणीशी फोनवर बोललो. मावशीची पाककृतींची वही तिला सापडलीय म्हणे. कटाच्या आमटीच्या पानावर मसाल्यांपुढे प्रमाण एकच: "अंदाजाने". येत्या रविवारी त्या अंदाजाने आमटी करून बघणार आहोत. भावंडांनो, कोण कोण येतंय ते कमेंटमध्ये सांगा. पोळ्या घेऊन या.