आमची वाटचाल: आधी सांधा, मग सिग्नल

आमच्याकडे इंजिनं मिळत नाहीत, डबे नाहीत, रूळही नाहीत. मॉडेल रेल्वेच्या बोर्डाखाली जे दडलेलं असतं तेवढंच आमचं काम: सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) हलवणाऱ्या मोटरी, सिग्नलचे दिवे, त्यांची वायरिंग आणि बटणांचं पॅनेल. पुण्यात या छंदाची ओळख करून द्यावी लागत नाही, कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम १९९८ पासून लोक बघत आलेत. आमची गिऱ्हाइकं मुख्यतः घरच्या खोलीत एचओ मापाचा, म्हणजे १:८७ प्रमाणाचा आणि १६.५ मिमी गेजचा (दोन रुळांमधल्या अंतराचा) लेआउट, म्हणजे बोर्डावरची छोटी रेल्वे, उभा करणारी. अधूनमधून एखादी शाळा, नाहीतर सिग्नलिंग शिकवायला चालतं मॉडेल हवं असलेलं कोणी.

सुरुवात दुहेरी कॉइलच्या मोटरींपासून झाली. पेको कंपनीची पीएल-१० हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा नग. एक कॉइल सांधा डावीकडे ओढते, दुसरी उजवीकडे. झटका तीन-चार अँपिअरचा लागतो, पण क्षणभरच. बटण अडकून बसलं किंवा कोणी हौसेने साधा टॉगल, म्हणजे चालूच राहणारा स्विच, लावला, की काही सेकंदांत कॉइल जळते. म्हणून कॉइलला ट्रान्सफॉर्मर थेट जोडायचा नाही, मध्ये कपॅसिटर डिस्चार्ज युनिट, म्हणजे साठवलेली वीज एका झटक्यात सोडणारा संच, घालायचं, ही शिस्त आम्ही पहिल्यापासून ठेवली. आमच्या युनिटात २४ व्होल्ट डीसी, ४७०० मायक्रोफॅरडचा ३५ व्होल्टचा कपॅसिटर आणि त्याला चार्ज करणारा १५० ओहमचा रेझिस्टर असतो. हा रेझिस्टर ५ वॅटचाच हवा. बटण अडकलं तर त्यात साडेतीन वॅटच्या वर उष्णता होते, पाव वॅटचा लगेच धूर काढतो. युनिट पुन्हा भरायला दोन सेकंद लागतात. यार्डात एकामागून एक चार सांधे फटाफट बदलायचे असतील तर रेझिस्टरऐवजी ट्रान्झिस्टरवालं युनिट घ्यावं, तो खर्च वसूल होतो.

कॉइलच्या मोटरीला सगळ्यात जास्त दगा देते ती बारीक वायर. पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारी ७/३६ ची (३६ नंबरच्या सात तारांची) हुकअप वायर साधारण ०.२ चौरस मिमी भरते. मोटर पॅनेलपासून पाच मीटर अंतरावर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर वायर, म्हणजे ०.८६ ओहम. चार अँपिअरला तिथेच साडेतीन व्होल्ट खाल्ले जातात. सांधा अर्ध्यात थांबतो आणि माणूस मोटरीला दोष देत बसतो. आम्ही कॉइलसाठी १४/३६ च्या खाली जात नाही, आणि कॉमन रिटर्नला, म्हणजे सगळ्या मोटरींच्या सामाईक परतीच्या वायरीला, घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअरची तांब्याची वायर ओढतो.

पुढे हळू चालणाऱ्या मोटरींची मागणी आली आणि कामाचं वळणच बदललं. टॉर्टॉइज ही त्यातली एक मोटर १२ व्होल्ट डीसीवर चालते, सांधा तीन-एक सेकंदांत सरकवते आणि टोकाला गेल्यावर तिथेच दाब देऊन उभी राहते. तेव्हाही करंट साधारण १५ मिलिअँपिअरच, त्यामुळे सतत चालू ठेवली तरी जळत नाही. टर्मिनल आठ: १ आणि ८ मोटरचे, ४ हा २ व ३ चा कॉमन (सांध्याच्या दिशेनुसार दोघांपैकी एकाला जुळणारा), ५ हा ६ व ७ चा कॉमन. डीपीडीटी (दोन वायरी एकदम उलटवणाऱ्या) टॉगलने १ व ८ ची पोलॅरिटी उलटवली की सांधा बदलतो. पॅनेलवर दिशा दाखवायला दोन एलईडी उलटसुलट समांतर जोडून मोटरच्या एका वायरीत सिरीजमध्ये टाकावेत. वेगळा रेझिस्टर लागत नाही, मोटरच करंट रोखते.

बसवताना दोन गोष्टी राहून जातात. पेकोच्या सांध्यात पात्याला, म्हणजे इकडून तिकडे सरकणाऱ्या रुळाच्या तुकड्याला, टचकन बसवणारी छोटी स्प्रिंग असते. हळू चालणारी मोटर लावायची तर ती काढावी लागते, नाहीतर मोटर तिच्याशी झुंजत राहते. दुसरी गोष्ट सोबत येणाऱ्या स्टीलच्या तारेची. बोर्ड जाड असला की ती वाकते आणि पातं रुळाला पूर्ण टेकत नाही. आम्ही ०.८ मिमीची पियानो वायर घालतो. कोकणातल्या लेआउटवर तर हटकून, कारण पावसाळ्यात प्लाय फुगतो आणि सांधा मोटरीच्या रेषेतून किंचित सरकतो. तेवढा फरक तारेच्या ताणाने भरून निघतो.

टॉर्टॉइजचा टर्मिनल ४ फ्रॉगला, म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याला, जोडायचा, २ आणि ३ दोन्ही बाहेरच्या रुळांना. हे दोन उलट लागले तर गाडी फ्रॉगवर आली की शॉर्ट. गाडी आणण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून, सांधा दोन्ही बाजूंना टाकून तपासावं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तेच सर्रास टाळलं जातं.

आता सिग्नल. भारतात स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल पहिल्यांदा १९२८ मध्ये मुंबईच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवर, व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते भायखळा लागले. आमचे बरेचसे सिग्नल त्याच धाटणीचे. चार दिव्यांच्या खांबावर वरून खाली पिवळा, हिरवा, पिवळा, लाल. पूर्वी आत गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब असायचे, १२ व्होल्टला ५०-६० मिलिअँपिअर खाणारे. दोन तास चालले की प्लॅस्टिकचं डोकं मऊ पडायचं, म्हणून नऊ व्होल्टवर चालवायचे. एलईडी आल्यावर ते संपलं आणि रेझिस्टरचा घोळ सुरू झाला.

सिग्नलमधले एलईडी बहुधा कॉमन ॲनोडने, म्हणजे सगळ्यांची पॉझिटिव्ह बाजू एकत्र जोडून, येतात. त्या कॉमनला एकच रेझिस्टर लावण्याचा मोह होतो, पण लावू नये. दोन पिवळे एकत्र लागले की एकाचा करंट दोघांत वाटला जातो आणि दोन्ही मंद होतात. त्याहून गमतीचा प्रकार म्हणजे कुठे गळतीने लाल आणि हिरवा एकाच वेळी जोडले गेले, तर फक्त लालच दिसतो. लालला दोन व्होल्ट पुरतात, नव्या हिरव्याला तीन लागतात, आणि लाल पेटला की हिरव्यापर्यंत तीन व्होल्ट पोचतच नाहीत. मग लोक हिरवा एलईडी मेला म्हणून सिग्नल परत पाठवतात. प्रत्येक रंगाला स्वतःचा रेझिस्टर, बारा व्होल्टला: लाल आणि पिवळ्याला २.२ किलोओहम, हिरव्याला ४.७ पासून १० पर्यंत. हिरवे फार प्रखर असतात, खोली अंधारी करून डोळ्याने जुळवावेत.

एसीवर एलईडी चालवायचा असेल तर १एन४१४८ डायोड उलटा समांतर लावावा, कारण एलईडी उलटा व्होल्टेज जेमतेम पाच सोसतो. आमचं मत विचाराल तर सिग्नलसाठी वेगळा डीसी अडॅप्टर घ्यावा. कॉइलच्या मोटरींचा आणि सिग्नलचा पुरवठा एकच ठेवला तर प्रत्येक झटक्याला दिवे लुकलुकतात. कॉइल सोडताना उठणारा उलटा व्होल्टेज आर्डुइनोसारखा कंट्रोलर बोर्ड मारू शकतो, म्हणून कपॅसिटर युनिटच्या आउटपुटला १एन४००७ डायोड उलटा लावलेला बरा.

आमचा खरा आग्रह पुढचा आहे. पॅनेलच्या बटणावरून सिग्नल पेटवायचा नाही, तो पात्यावरून पेटवायचा. खऱ्या रेल्वेत सांधा बसला, लॉक झाला आणि तसं सिद्ध झालं, तरच सिग्नल सुटतो. बटणावरून दिलेला हिरवा पातं मध्ये अडकलं तरी हिरवाच राहतो आणि डबे खाली येतात. टॉर्टॉइजचे ५-६-७ संपर्क वापरणं त्याहून बरं, पण ते पात्याच्या प्रवासाच्या मध्यावरच पालटतात, म्हणजे पातं टेकायच्या आधी हिरवा मिळतो. म्हणून आम्ही दोन्ही टोकांना एकेक मायक्रोस्विच (पातं टेकल्यावर दाबला जाणारा छोटा स्विच) बसवतो. पॉझिटिव्ह पहिल्याच्या कॉमनला. त्याचा एनओ (दाबल्यावर जुळणारा संपर्क) मुख्य मार्गाच्या हिरव्याला. त्याचा एनसी (दाबेपर्यंत जुळलेला संपर्क) दुसऱ्याच्या कॉमनला. दुसऱ्याचा एनओ लूपच्या (बाजूच्या मार्गाच्या) पिवळ्याला आणि मार्गदर्शक (वळण दाखवणाऱ्या) दिव्यांना, दुसऱ्याचा एनसी लालला. पातं कुठल्याच टोकाला नसेल तेव्हा करंट दोन्ही एनसींमधून जाऊन लालच पेटतो. रिले नाही, प्रोग्रॅम नाही. फक्त सिग्नल कॉमन कॅथोडचा (निगेटिव्ह बाजू एकत्र असलेला) मागवावा, कारण इथे पॉझिटिव्ह बाजू तुटते.

लूपसाठी लागणारे पाच पांढरे मार्गदर्शक दिवे एका सिरीजमध्ये बारा व्होल्टवर पेटत नाहीत. तीन एका रांगेत १ किलोओहमसह, दोन दुसऱ्या रांगेत २.२ सह, म्हणजे सगळे जवळपास सारखे दिसतात.

अलीकडे निम्म्याहून जास्त चौकशा एसजी-९० सर्व्होच्या (ठरलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरीच्या) असतात, कारण तो स्वस्त आहे. चांगला चालतो, पण त्याच्यात संपर्क नसतात, तेव्हा फ्रॉगसाठी तिसरा मायक्रोस्विच धरावा. पाच व्होल्टचा पुरवठा वेगळा हवा. अडकलेला एक सर्व्हो अर्ध्या अँपिअरच्या वर ओढतो आणि आर्डुइनोच्या पाच व्होल्टवर तीन-चार लावले की बोर्ड रीसेट होतो. प्रत्येक सर्व्होजवळ ४७० मायक्रोफॅरड लावावा आणि पातं पोचल्यावर त्याला दिली जाणारी नियंत्रणाची पल्स बंद करावी, नाहीतर रात्रभर गुणगुणत राहतो.

डीसीसीवाल्यांनी (रुळांतूनच गाड्यांना डिजिटल हुकूम देणाऱ्यांनी) सांध्यांचा पुरवठा रुळांच्या बसवरून, म्हणजे मुख्य पुरवठ्याच्या वायरीवरून, घेऊ नये. चुकीच्या सांध्यावर इंजिन शिरलं की शॉर्ट होतो, रुळांना वीज देणारा बूस्टर बंद पडतो, आणि ज्या सांध्याने शॉर्ट सुटणार तोच हलवता येत नाही. वेगळा ॲक्सेसरी बस ओढावा.

ऑर्डर देताना रुळांचा साधा हातचा नकाशा, प्रत्येक सांध्याची कंपनी, बोर्डाची जाडी आणि पॅनेलपासूनचं अंतर मीटरमध्ये पाठवा. हार्नेस (वायरींचा बांधलेला जुडगा) त्या मापाचा, रंग ठरवून आणि दोन्ही टोकांना नंबरची स्लीव्ह घालून येतो. सोबत दोन जादा मायक्रोस्विच आणि प्रत्येक रंगाचे दोन एलईडी ठेवलेले असतात.